उदाजी बुडाला कसा?

एका जंगलात, बाळांनो, एक खोल डोह होता आणि प्रत्येकाच्या पंजात एक मोबाइल होता. डोहात उतरणारे दोघंच. उदाजी पाणमांजर आणि त्याची बायको रेवा. मोबाइलमध्ये मात्र सगळं जंगल उतरलेलं असायचं.

एके सकाळी उदाजी डोहात गेला, तो जिवंत वर आलाच नाही.

बातमी आली तेव्हा गुणाजी साळिंदर बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसला होता. गुणाजीला पाण्याचं भारी वावडं. आंघोळ तो सणासुदीलाही टाळायचा. त्याचे काटे ताठ झाले. एवढा पट्टीचा पोहणारा गेला? मग आपलं काय?

त्याने घाईघाईने जंगलाच्या ग्रुपवर लिहिलं, "नक्की काहीतरी चुकलं असणार त्याचं."

झालं! मोहोळाला दगड लागला.

"श्वास नीट घेतला नसेल," टिटवीने लिहिलं.

"फाजील आत्मविश्वास, दुसरं काय!" अस्वलाने लिहिलं.

"भरल्या पोटी बुडी मारली. मासे अंगावर आले," उंटाने लिहिलं. उंट राहायचा वाळवंटात. कुणाच्या तरी ओळखीने ग्रुपमध्ये शिरला होता. डोह त्याने फोटोतच पाहिला होता, तोही आडवा. पण त्याने सोबत बाणांची आकृती जोडली. आकृतीपुढे कोण बोलणार?

गुणाजीला फार बरं वाटलं. प्रत्येक नव्या चुकीसरशी त्याचे ताठलेले काटे खाली बसू लागले. श्वास? आपण तर झोपेतसुद्धा घेतो. आत्मविश्वास? तो आपल्याकडे नाहीच! खुशीत येऊन तो सगळ्यांना अंगठे वाटत सुटला. दुपारी तर त्याने स्वतःचाच शोध मांडला. उदाजीची शेपटी ऐनवेळी उलटी फिरली! उंटानेसुद्धा टाळ्या दिल्या.

संध्याकाळी, रीत म्हणून, तो रेवाला भेटायला गेला. ती काठावर बसली होती. अंग अजून ओलंच होतं.

"भावजी, शेपटीचं ते तुम्हीच लिहिलंत ना?"

गुणाजीला कुठे तोंड लपवू असं झालं. "राग मानू नका, वहिनी. मला भीती वाटते हो. त्याची एखादी चूक सापडली, की तेवढी टाळून आपण सुटलो असं वाटतं."



"मी त्याच्याबरोबरच होते," रेवा म्हणाली. "रोजचीच कपार. वरचा दगड सुटला. मी हातभर पुढे होते, तो मागे होता. एवढंच."

"मग चूक?"

"काल आम्ही अगदी अस्सेच गेलो होतो, भावजी. काल दगड सुटला नाही."

गुणाजीचे सगळे काटे ताडकन उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच तो उदाजीसाठी रडला.

मग त्याने ग्रुपवर खरं ते लिहिलं. "उदाजीची काहीच चूक नव्हती. दगड सुटला. रेवावहिनी तिथेच होत्या."

मग टिटवीने विचारलं, "म्हणजे कुणाच्याही डोक्यात पडू शकतो?"

"असं काही नसतं!" अस्वल ओरडलं.

"साळिंदर फितूर झालाय," उंटाने लिहिलं आणि नवी आकृती टाकली. तिच्यात आता गुणाजीकडेही एक बाण होता.

गुणाजीला ग्रुपमधून काढून टाकलं. भरल्या पोटाचा निकाल एकमताने मंजूर झाला. सगळे निर्धास्त जेवले, आणि जेवणानंतर डोहात कुणीही उतरलं नाही. तसंही कुणी उतरत नव्हतंच.

सकाळी रेवा पाण्याकडे निघाली.

"परत जाताय?" गुणाजी घाबरून म्हणाला.

"पोट आहे ना, भावजी."

ती आत गेली. गुणाजी काठावर थांबला. ती वर येईपर्यंत तो गुडघाभर पाण्यात गेला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तात्पर्य : चूक नेहमी मेलेल्याचीच काढावी. तो उलट बोलत नाही आणि आपल्याला जेवण चांगलं जातं. मात्र जो तिथे होता, त्याला चुकूनही विचारू नये.