गादीवरचा माणूस

फोटो सकाळी सव्वानऊला पसरला आणि साडेनऊला तो ताईच्या जेवणाच्या टेबलावर छापून ठेवलेला होता. मोबाइलवर संकट लहान दिसतं, असं ताईचं मत होतं.

फोटोत तिचा धाकटा भाऊ, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतला चॅम्पियन, एका गादीवर आडवा पडला होता. बोटांत गांजाची सिगारेट, डोळे अर्धे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं समाधान, की सुवर्णपदक गळ्यात पडतानाही ते कुणाला दिसलं नव्हतं. गादीच्या कोपऱ्यावरचं कंपनीचं लेबल मात्र ठळक वाचता येत होतं. याच कंपनीच्या गाद्यांची चॅम्पियन दोन वर्षं जाहिरात करत होता.

"ही गादी तुझ्या मित्राकडे कशी?"

"वाढदिवसाला दिली मी."

"आणि सिगारेट?"

"ती त्याने दिली."

"छान. म्हणजे कुणी रिकाम्या हाती आलं नाही."

ताई त्याची मॅनेजर होती, त्यामुळे करार तिला पाठ होता. चौदावं कलम सांगत होतं की खेळाडू नशा करताना आढळला तर करार त्याच दिवशी संपेल. आणि पुढच्या मोसमाचं परदेशातलं प्रशिक्षण या करारावरच उभं होतं.

"ताई, मी खरं सांगून टाकतो."

"खरं सांगायला सराव लागतो. ऐनवेळी जमत नाही ते." ताईने फोटो उजेडात धरला. अर्धा चेहरा धुरात होता. उरलेल्या अर्ध्यात मुख्यतः नाक होतं, आणि ते नाक आजोबांपासून घरात सगळ्यांना सारखंच वाटून मिळालेलं होतं. "हा तू नाहीसच. हा आपला मावसभाऊ आहे."

मावसभाऊ चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो चहासुद्धा घेत नसे. ताईने त्याला दुपारी दुकानातच गाठलं.

"अगं ताई, मला साध्या उदबत्तीनेही खोकला येतो!"

"ओढायचं कुठे म्हणतेय मी? ओढलं होतं, एवढंच म्हणायचं."

मावसभाऊ विचारात पडला. एकतीस वर्षांत त्याच्यावर कुणी कसलाही संशय घेतला नव्हता. त्याला जरा बरंच वाटलं.

संध्याकाळपर्यंत दोन प्रतिज्ञापत्रं तयार झाली. चॅम्पियनने लिहून दिलं की फोटोतला माणूस मी नव्हे, आणि मावसभावाने लिहून दिलं की तो मीच. मावसभावाने मजकुरात शुद्धलेखनाच्या दोन चुकाही सुधारल्या. नशेबाजाचं अक्षर इतकं चांगलं कसं, असं कंपनीच्या वकीलबाईंच्या मनात आलं. पण कागदावर तीन शिक्के होते आणि तीन शिक्क्यांपुढे त्या कधी शंका काढत नसत. करार टिकला. मावशी मात्र पोटच्या मुलाशी बोलेनाशी झाली.

तीन आठवड्यांनी वकीलबाईंनी ताईला बोलावून घेतलं.

"मॅडम, त्या फोटोमुळे आमच्या गाद्या दुप्पट खपतायत. लोक दुकानात येतात आणि म्हणतात, तो माणूस झोपलाय ती गादी द्या."

"अरे वा! म्हणजे करार वाढवायचा?"

"वाढवायचा ना. त्या माणसाशी."

ताई घोटभर पाणी प्यायली.

"तुमचे बंधू स्वच्छ आहेत, आम्हाला आदर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण अडथळ्यांवरून उड्या मारणारा माणूस बघून झोप कुणाला येते? त्यांचा करार या महिन्याअखेर संपतोय. फोटोतल्या साहेबांना तेवढं घेऊन या. त्यांना चौदावं कलम लागू नाही. त्यांचं काय ते जगाला माहीतच आहे."

मावसभावाने नव्या करारावर सही केली आणि जाहिरातीच्या फोटोंसाठी दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. मावशी पुन्हा बोलू लागली, तीही शेजाऱ्यांशी आणि मोठ्याने. "आमचा मुलगा ओढायचा हो, पण कधी दाखवलं नाही! लहानपणापासून समंजस."

अडचण स्टुडिओत आली. मावसभाऊ गादीवर पडला तो थेट तपासणीच्या खुर्चीत बसल्यासारखा. डोळे मिटायला सांगितले की आधी डावा मिटायचा, मग उजवा.

"साहेब, जरा सुखात या की!" कॅमेरामन चौथ्यांदा म्हणाला.

"आलोय. याच्या पुढे मी कधी गेलेलो नाही."

कॅमेरामन कपाळ पुसत म्हणाला, "यांना चहा द्या. तोवर लाइट लावून घेतो. तुम्ही तिकडचे, जरा पडा इथे."

तिकडचा म्हणजे चॅम्पियन. तो ताईबरोबर आला होता, कारण घरी बसून त्याला आणखीच वाईट वाटत होतं. करार गेल्याच्या काळजीने कित्येक रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो आडवा झाला आणि मिनिटभरात घोरू लागला. डोळे अर्धेच मिटले. चेहऱ्यावर हळूहळू ते समाधान पसरलं.

"हेच! अगदी हेच!" कॅमेरामन ओरडला आणि धडाधड फोटो काढू लागला.

वकीलबाई पुढे आल्या. त्यांनी गादीवरचा चेहरा पाहिला, हातातला जुना फोटो पाहिला, आणि मग ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती. स्टुडिओत फक्त घोरणं ऐकू येत होतं. फोटोतला माणूस हाच, असं म्हणावं, तर प्रतिज्ञापत्र खोटं. ते खोटं, तर नवा करार खोटा. आणि त्या करारावर खाली वकीलबाईंची स्वतःची सही होती.

"हे कोण?" त्यांनी सावकाश विचारलं.

"माझा डमी," चहाला हात न लावता मावसभाऊ म्हणाला. आजवरच्या आयुष्यात तो इतक्या ठामपणे कधी बोलला नव्हता.

"असं होय." वकीलबाईंनी जुना फोटो फाइलमध्ये ठेवला आणि दुसराच एक छापील कागद काढला. "डमीला रोजंदारी आणि एक वेळचं जेवण. डमीची चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही."

ताईने भावाला हलवून उठवलं आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "इथे सही कर."

"कुठली?" चॅम्पियन डोळे चोळत म्हणाला. "चाहत्यांना देतो ती?"

"नाही रे. साधी."