कापसाने प्यालेलं डिझेल

शेजारच्या खुशालरावांनी डिझेलच्या ड्रमला राखणीसाठी कुत्रा बांधला होता. भरदुपारी, सगळं गाव शेतात असताना, चोराने नळी टाकून ड्रम कोरडा केला आणि जाताना कुत्र्याला भाकर घालून गेला. हे ऐकल्यापासून साधनाच्या सासऱ्यांना, बुधाजींना, घास गोड लागेना. वीज असून नसल्यासारखी, विहिरीचं पाणी निघायचं ते डिझेलच्या इंजिनावर. हरभरा फुलावर आलेला. आता एक ओलित, एक पाणी, मिळालं तर दाणा, नाहीतर नुसतं कुटार, भुसा. आणि ते ओलित त्यांच्या अंगणातल्या अर्ध्या ड्रमात होतं.

"मी लपवतो त्याले," बुधाजी म्हणाले. "कापसात."

मूर्तिजापुराकडच्या घरोघरी असतो तसा यांच्याही समोरच्या खोलीत वेचून आणलेला कापूस कंबरेइतका रचलेला होता. साधनाची तान्ही छकुली त्याच गंजीवर झोपायची. चौघांनी मिळून ड्रम आत आणला. उभा ठेवला तर त्याचं डोकं वर दिसायला लागलं. बुधाजींनी तो आडवा केला.

"मामाजी, आडवा ठेवला तं बूच गळनार नाही का?"

"तू पोरगी सांभाय. बूच मी सोता आवळलं हाय."

मग घरात विडी बंद झाली. चूल परसात गेली, देवाचा दिवा अंगणात.

"देवालेई घराबाहेर काढलं या मानसानं!" सासूबाई, जयवंताबाई, गल्लीला ऐकवत राहिल्या. आल्यागेल्याने नाक मुरडलं की बुधाजी सांगत, "सुनबाईनं ढेकनाचं औषध मारलं."  पण छकुलीच्या टाळूलासुद्धा डिझेलचा वास यायला लागला, तेव्हा साधनाने तिला गंजीवरून उचललं आणि ओसरीत पाळणा बांधला.

आठव्या दिवशी इंजिन शेतात नेऊन जोडलं. कापूस उपसून ड्रम उघडा केला. बुधाजींनी दंड थोपटून त्याला जोर लावला, तर ड्रम खेळण्यासारखा गडगडला आणि ते त्याच्यामागे तोंडावर कापसात.

"चोर घरात शिरला व!"

"मी उंबऱ्यातून हालली नाही!" जयवंताबाई उसळल्या. " तो काय माह्या डोक्शावरून गेला?"

दोघं भांडत असताना साधनाने गंजीच्या तळाशी हात घातला. कोपरापर्यंत ओला निघाला. वर मोगऱ्यासारखा पांढराशुभ्र कापूस, खाली चिंब! तिने तो बाजूला सारला. सारवलेल्या जमिनीवर थेंब नव्हता. कापसाने सगळं अलगद उचलून धरलं होतं. 

छकुलीची गादी भरायला आलेले गफ्फारभाई पिंजारी दारात उभे होते. त्यांनी एक बोळा हातावर तोलला.

"सुभानअल्ला! चाळीस साल कापूस पिंजून राहिलो, पन असा पेलेला नाही पायला."

"माहा हरभरा गेला, गफ्फारभाई."

"रडता काहून? कापूस पिते, पचवत नाही. पिया त्याले!" त्यांनी हातातला बोळा पिळून दाखवला.

रिकामा ड्रम अंगणात लोटला आणि तिथेच अर्धी गल्ली पिळायला बसली. जयवंताबाईंनी पदर खोचला आणि धुणं पिळावं तसे बोळे पिळले. घमेल्यात आधी टिपटिप, मग धार. लुगड्याच्या चिंधीतून गाळून दुपारपर्यंत दोन कॅना भरल्या. सगळे शेतात गेले. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. काळ्या भेगांमधून पाणी हरभऱ्याच्या निळसर फुलांकडे निघालं. बुधाजींनी टोपी काढून हातात धरली.

तिन्हीसांजेला घरी येतात तो अंगणातला ड्रम गायब.

"नेला मेल्यानं!" जयवंताबाई मटकन खाली बसल्या. "रिकामा ड्रमई सोडला नाही."

बुधाजी आत गेले, पिळायच्या राहिलेल्या गंजीत हात घातला आणि ओंजळभर कापूस घेऊन बाहेर आले. त्यांनी मूठ आवळली. बोटांमधून डिझेल ठिबकलं.

"नेऊ दे," ते म्हणाले. "दुसरं ओलित घरातच हाय. टाक म्हना आता नळी!"