नवाबी अडकित्ता

कोणतीही जुनीपुराणी वस्तू माझ्यापुढं आणून ठेवा. एकदा उलटी करून बघीन, एकदा सुलटी करून बघीन, आणि ती कुणाची, कशाची, कोणत्या कामाची ते फाडकन सांगीन! आमच्या पंचक्रोशीत या बाबतीत माझ्या शब्दापुढं कुणाचा शब्द नाही. कारण उघड आहे. दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत मी बोललेलो असतो.

मुलूख निजामाचा, पण मोमिनाबादेत गोऱ्या साहेबांची घोडदळाची छावणी होती. साहेब बदलून गेला की मागं राहिलेल्या सामानाचा लिलाव व्हायचा आणि त्यातली चमत्कारिक वस्तू कुणी विकत आणली की ती आधी माझ्या ओट्यावर यायची. आमच्या गहिनीनाथानं अशीच एक लाकडी फळी आणली. पुढच्या टोकाला अर्धगोल खाच. मी एका नजरेत सांगितलं, "पोथी ऐकताना मान टेकवायची फळी हाय ही!" बिचाऱ्यानं अख्खा श्रावण तिच्यावर मान ठेवून पोथी ऐकली. आखडलेली मान दसऱ्यापर्यंत सुटली नाही. पुढं मला कळलं, ती साहेबाच्या पायातले बूट ओढून काढायची फळी होती. पण ते मलाच कळलं, गहिनीनाथाला नाही. मग मी कशाला सांगत बसतोय!

तर निजामाच्या फसली सन तेराशे सोळात माझ्या भाचीचं, केसरचं, लग्न ठरलं. केसर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, भिवराआक्काची एकुलती एक लेक. आक्काचा नवरा वारलेला. केसरची दोन स्थळं ठरून मोडलेली, एक पत्रिकेवरून आणि एक मानपानावरून. हे तिसरं घाटनांदूरचं. नवरामुलगा धर्मराज गुणाचा होता, पण त्याची आई सारजाबाई म्हणजे विस्तव! पानात मीठ उजवीकडं वाढलं म्हणून ती एका लग्नातून उठून गेलती.

आक्कानं मला बोलावलं. म्हणाली, "बंकट, रुखवताचं काम तुज्याकडं. ह्ये तिसरं ठिकान हाय. ह्येबी मोडलं तर पोरीला पुन्यांदा कोन इचारनार न्हाई. ती बाई लई खट हाय. समदं नीट कर, फक्त एक ध्यानात ठिव."

"काय?"

"डोकं चालवू नकु!"

सख्ख्या बहिणीनं असं म्हणावं! मी मनावर घेतलं. नुसते अनारसे आणि करंज्या मांडून सारजाबाई दिपणार होती काय? रुखवतात अशी वस्तू पाहिजे की घाटनांदूरनं जन्मात बघितली नसेल. मी तडक मोमिनाबादेच्या लिलावाला गेलो.

तिथं खोगिरांच्या ढिगाखाली ती मला दिसली. हातभर लांब दोन दांडे, मधे बिजागरी, खालच्या जबड्याला चंद्रकोरीसारखी खाच आणि वरून खाली येणारं धारदार पातं. मी ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. अडकित्ता! पण असातसा नव्हे. एवढा मोठा अडकित्ता नवाबाशिवाय ठेवील कोण? बोली लावणारा मी एकटाच होतो. लोकांना पारख नाही, दुसरं काय!

घरी आल्यावर बायकोनं, रतनबाईनं, तो चहूबाजूंनी पाहिला.

"अवो, ह्या खाचंत तर पेरू बसंल. सुपारी कशी ऱ्हाईल?"

"नवाबाच्या सुपाऱ्या तेवढ्याच असायच्या!"

"आन् दांडे एवढे लांब कावून?"

"नवाब गादीवर बसायचा आणि नोकर लांबूनच कातरून द्यायचा. अदब असती ती!"

"मंग एवढी सुपारी खायाला नवाबाचं तोंड केवढं आसंल वो?"

मी तो उचलून परसात नेला. तीन दिवस चिंच आणि राख लावून मी तो घासला. पात्यावर काळेकुट्ट डाग होते, ते काही केल्या निघेनात. नवाबाच्या विड्याचे डाग म्हणून मी ते कौतुकानं ठेवून दिले. दांड्यांना लाल आलवान गुंडाळलं, वर चार घुंगरं बांधली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं होतं. मुहूर्त सांजवेळचा. दुपारी वाजतगाजत आम्ही रुखवत घेऊन गेलो. सारजाबाईनं करंजी हातात घेऊन तिचा काठ तपासला, अनारशाची जाळी उन्हाला धरून बघितली. तोंडावर काही दिसेना. मग मी लाल फडकं बाजूला केलं.

"ईनबाई, हा नवाबी अडकित्ता! तीन पिढ्या नवाबाच्या दिवाणखान्यात होता. खास तुमच्या मानासाठी मिळवलाय!"

सारजाबाईचे डोळे चमकले, देवाशप्पथ! मी लगेच सुपारी खाचेत ठेवली. ती घरंगळली. पुन्हा ठेवली, बोटानं धरली आणि दांडा दाबला. खटाक! सुपारी कातरली गेली नाही, फुटली. एक खांड नगाऱ्यावर जाऊन आदळलं, एक व्याह्यांच्या, आप्पारावांच्या पागोट्यात शिरलं.

"नवाबी खांडं अशीच उडतात!" मी म्हणालो.

लोकांना भारी मजा वाटली. म्हातारे पुढं सरकले, बायांनी पदरात खांडं घेतली. तबकं भरली, रिकामी झाली. अख्खं वऱ्हाड चघळायला लागलं. सारजाबाई चक्क हसली. लांबून आक्कानं मला बघितलं आणि पदरानं डोळे टिपले. आयुष्यात पहिल्यांदा मी बहिणीचे पांग फेडले असं मला वाटलं.

तेवढ्यात बैलांना पाणी पाजून आश्रुबा आले. हे सारजाबाईचे थोरले दीर. लग्न त्यांनीच जुळवलेलं. त्यांनी अडकित्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या दंडाला धरून मला देवळामागं नेलं.

"बंकटराव, ह्ये कुटं घावलं?"

"लिलावात. नवाबाचा अडकित्ता..."

"कशाचा नवाब बे! म्या चौदा वर्सं छावणीत सायबाचा मोतद्दार हुतो, घोडी राखायचो. त्या सायबाला आखूड शेपटाची घोडी आवडायची. ह्या खाचंत घोड्याचं शेपूट धरायचं, वरून दांडा दाबायचा. खटाक! शंभरेक घोडी तर म्या सोता धरून हुबा ऱ्हायलोय."

मला पात्यावरचे डाग आठवले.

"आणि ते काळे डाग?"

"तुमीच वळखा. तुमाला समदं वळखू येतं म्हनं."

"आश्रुदादा, पाया पडतो, कुणाला बोलू नका!"

"म्या कशाला बोलतोय? लगीन म्याच जुळवलंय. पर आधी त्ये खानं थांबवा. आमच्या घरातल्या बायाबी चघळायल्यात की!"

मी पळत आलो. पुढ्यातच रतनबाई नवी सुपारी तबकात ओतत होती. मी तबक हिसकलं. "बास! सुपारी संपली!"

"संपली कुटं? अर्धं पोतं हाय," रतनबाई म्हणाली. बायको म्हणतात ती हीच!

"मुहूर्ताच्या आधी सुपारी खाऊ नये. घसा धरतो!" असं म्हणत मी एका म्हाताऱ्याच्या हातातलं खांड काढून घेतलं. दुसऱ्याच्या तोंडात गेलेलं होतं. त्याच्या पाठीवर थाप मारून मी ओरडलो, "थुंका बाबा, थुंका!"

सगळं वऱ्हाड माझ्याकडं वळलं. तो म्हातारा सारजाबाईचा बाप होता.

"माज्या बापाच्या तोंडातला घास काडता व्हय?" सारजाबाई उठली. "एवडी जड झाली आमची मानसं? दिलेली सुपारी म्होरून उचलता? आवो, गाड्या जुपा! ह्या दारात पानी प्यायचं न्हाई!"

"ईनबाई, तसं न्हाई..."

"मंग कसं हाय? बोला की!"

कसं बोलू? आप्पाराव पागोटं झटकत उठले. गडी बैल सोडायला धावले. निरोप घरी पोचला असावा, कारण आक्का अनवाणी पळत आली. तिच्यामागं अंगाला हळद लागलेली केसर देवळाच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच थिजली.

"बंकट," आक्का एवढंच म्हणाली, "तुला सांगितलं हुतं की रं."

 पोरीकडं बघवेना. तिसऱ्यांदा मोडत होतं, आणि या खेपेला पत्रिका नव्हती की मानपान नव्हता, मी होतो. इज्जत गेली खड्ड्यात, म्हटलं, खरं सांगून टाकावं. मी भर देवळात पागोटं काढून सारजाबाईच्या पायाशी ठेवलं.

"ईनबाई, तुमचा मान ठेवायचा म्हणूनच सुपारी थांबवली. तो अडकित्ता न्हाई. घोड्याच्या शेपट्या तोडायचं हत्यार हाय. मला काही कळत न्हाई. मी अडाणी हाय. चूक माझी, पोरीची न्हाई!"

तिनं एकदा पागोट्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मग सारजाबाई खो खो हसायला लागली.

"ऐका गं बायांनो! अडकित्ता द्यायचा जीव होईना, तर मानूस काय काय बनवायलंय!"

"आईशप्पथ खरं सांगतो!"

"मगाशी नवाबाचा हुता, आता घोड्याचा झाला? घटकाभरानं हत्तीचा म्हनाल! आवो, घोड्याची शेपटी तोडंल तरी कोन? माशा कशानं हाकील त्ये?"

वऱ्हाड खदखदलं. मी काकुळतीनं आश्रुबांकडं वळलो. "दादा, तुम्ही छावणीत होता. तुम्ही सांगा!"

आश्रुबांनी बैलांकडं बघितलं. एका गाडीला जू चढलं होतं. त्यांनी केसरकडं बघितलं आणि घसा खाकरला.

"न्हाई बा. चौदा वर्सांत असलं हत्यार म्या न्हाई बघितलं. अडकित्ताच हाय ह्यो."

सगळ्या जन्मात वस्तूची एकदाच खरी ओळख सांगितली आणि ती एकट्या माझ्यावरच उलटली!

सारजाबाईनं अट घातली. अडकित्ता तिच्या मानाचा म्हणून घाटनांदूरला जाईल आणि पहिली सुपारी मी सगळ्यांदेखत कातरून तिच्या हातावर ठेवायची. मी कातरली. ती तिनं तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "नवाबी त्ये नवाबी! गोडीच न्यारी हाय."

बैलांच्या मानेवरचं जू उतरलं, अक्षता पडल्या, केसर नांदायला गेली. आक्का त्या रात्री पोटभर जेवली. आज केसरला दोन पोरं आहेत आणि सासू तिला तळहातावर जपते. माझं काही म्हणणं नाही.

फक्त त्या घरात बारसं असो, डोहाळजेवण असो, खंडोबाचं जागरण असो, चारचौघांत तो अडकित्ता बाहेर निघतो, घुंगरांसकट. पहिलं खांड सुनेच्या मामाला द्यायचं अशी सारजाबाईनं रीतच पाडलीय. समोर आश्रुबा बसलेले असतात. तबक पुढं आलं की "मला दात न्हाईत बा" म्हणून ते हात जोडतात, आणि लगेच उसाचं कांडं दातांनी सोलायला घेतात.

मी मुकाट्यानं खांड तोंडात टाकतो. घरभर माणसं माझ्याकडं बघत असतात. सारजाबाई कौतुकानं विचारते, "मामा, कशी काय हाय सुपारी?"

"नवाबी!" मी म्हणतो, आणि पाणी पिऊन येतो म्हणून आडावर जाऊन सात चुळा भरतो.