रुमालाखालचं गणित

हजेरी

आमोस मास्तरांच्या शाळेत खुर्च्या दोन होत्या आणि मास्तर एक. दुसरी खुर्ची त्यांनी घोडेगावच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतली होती. तिच्यावर कोणी बसलं की मास्तर खाकरायचे. त्यांच्या मनात ती लिडियाबाईंची होती. लिडियाबाई त्यांची बायको, राहात्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. लढाईमुळे मोटारी कोळशावर चालत, म्हणजे बहुतेक वेळ उभ्याच असत. भेट व्हायची नाताळला, मग थेट ईस्टरला. एरवी मास्तर दोन कप चहा करायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे.

चार इयत्ता, एक खोली. पहिलीला बाराखडी सांगेपर्यंत चौथी चिंचेवर चढलेली असे. मागे पडलेल्या पोरांची तर एक आख्खी रांगच झाली होती. त्यांना जवळ घेऊन शिकवायला आणखी एक माणूस हवं होतं. कोणतं, ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार हे कळताच त्यांनी भिमाजीतात्यांना गाठलं. तात्या शाळेचे पंच, आणि घोडेगावच्या बाजारात बैलांचे दलाल.

“तात्या, ही कच्ची रांग साहेबांपुढं बसवायची. जशी आहे तशी. बघितली की दुसरा शिक्षक मंजूर होईल.” लिडियाबाई बदलीचा अर्ज करून बसल्या आहेत, हे सांगायला मात्र ते लाजले.

भोळ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तात्यांनी मास्तरांकडे बघितलं.

“तुमी निवांत ऱ्हावा. सायबाला मी बघतो.”

अंकगणित

दिपोटीसाहेब नेमके दुसऱ्या खुर्चीवर बसले. मास्तर खाकरले. साहेब हलले नाहीत.

पुढे कच्ची रांग. तिच्या टोकाला कानिफनाथ, रांगेचा राजा. त्याच्या शेजारी तात्या, थंडी नसताना उपरणं पसरून.

“चौदा त्रिक?” साहेबांनी विचारलं.

प्रभू, आज त्याला काही सुचू देऊ नकोस, मास्तरांनी डोळे मिटले.

“बेचाळीस,” कानिफ म्हणाला.

मास्तरांच्या हातातला खडू पडला.

“सतरा त्रिक?”

“एक्कावन.”

साहेबांनी पोरगं बदललं. तात्याही बसल्या बसल्या सरकले. “अकरा पाचा?”

“पंचावन!”

आता मास्तरांना उपरणं दिसलं. बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली हात धरायचा, दाबली तितकी बोटं तो आकडा, तोंडातून चकार शब्द नाही. या पोरांचं अर्धं बालपण शाळा बुडवून त्याच बाजारात गेलेलं. पाटीवरचा आकडा त्यांच्या डोळ्यांना कळत नसे, बोटांना मात्र कळे.

बोलावं तर शाळेची अब्रू जाणार. न बोलावं तर लिडिया राहात्यालाच राहणार.

मास्तर वाकून पडलेला खडू शोधू लागले.

“शाब्बास!” साहेब उठले. “हे तुमचे कच्चे? मग दुसरा शिक्षक हवा कशाला? मला तर इथं एकही जास्तच वाटतोय.”

मधली सुट्टी

“तात्या, काय केलंत हे!”

“काय केलं? दावनीचं जनावर खुलवून दावलं. मरतुकडं म्होरं करून भाव वाडतो व्हय?”

“मला भाव नको होता हो. मला...”

मास्तर दुसऱ्या खुर्चीकडे बघत राहिले. तात्यांनीही तिकडे बघितलं.

“आरं तिच्या! आसं हाय व्हय!”

तात्या पळत सुटले. साहेब टांग्यात चढत होते. तात्यांनी उपरण्याखालून हात पुढे केला. म्हातारा निरोप देतोय असं समजून साहेबांनीही हात दिला. तात्यांनी दोन बोटं दाबली. दोन मास्तर. साहेब हसले, टांगा गेला.

“झाला सौदा,” तात्या धापा टाकत म्हणाले.

“तात्या, त्यांना ती खूण ठाऊक नाही.”

“हात दिला न्हवं? मंग झाला.”

निकाल

बोर्डाचा हुकूम आला. दुसरा शिक्षक नामंजूर. मात्र कच्च्या मुलांना तयार करण्याची या शाळेची पद्धत अपूर्व असल्याने ती शिकायला इच्छुक शिक्षकांपैकी एकास इथे पाठवण्यात येईल. मुदत: पद्धत अवगत होईपर्यंत.

राहात्यात पहिला हात कोणाचा वर झाला, ते सांगायला नकोच.

लिडियाबाई ट्रंक घेऊन उतरल्या. मोटारीची काजळी कपाळापर्यंत. तोंडसुद्धा न धुता त्यांनी कानिफला शेजारी घेतलं आणि चौदाचा पाढा चिंचोक्यांवर मांडायला बसवलं. घंटा झाली, पोरं चिंचेकडे धावली, तेव्हा कुठे त्या खुर्चीवर टेकल्या.

मास्तर खाकरले नाहीत.

“हं, दाखवा तुमची पद्धत.”

“पद्धतबिद्धत काही नाही गं.”

“अगं बाई! मग नसलेली पद्धत अवगत झाली म्हणून मला परत कधी धाडतील?”

दारातून तात्यांनी डोकं घातलं. “बाई, जरा ढ व्हा. घाई करू नका. आमच्या कानिफाला बगा, अजून पैलीतच हाय.”

आणि बाजाराचं काहीतरी काम आठवून ते निघून गेले.

लिडियाबाईंनी पदराचं टोक टेबलावर पसरलं. त्याखाली मास्तरांनी त्यांचा हात धरला. पाचही बोटं. बराच वेळ.

“कळलं?” मास्तरांनी विचारलं.

“नाही,” लिडियाबाई म्हणाल्या. “पुन्हा सांगा.”