मल्लाप्पाअण्णा आणि यंत्रातला भाऊ

मल्लाप्पाअण्णांना मूळव्याध नव्हती. तरीही आमच्या गल्लीच्या तोंडाशी मूळव्याधीचं मोफत शिबिर भरलं, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. तपासणी उरकून, पथ्याचा छापील कागद हलवत ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, काय न्हाय निघालं. पण फुकट होतं की."

ही काही गरिबी नव्हे. अण्णांची गुळाची अडत होती, दोन मजली घर होतं, दारात मोटार होती. पण फुकट या शब्दावर त्यांची देवासारखी श्रद्धा. डोळे, दात, रक्तदाब असं सगळं मोफत तपासून घेऊन ते गल्लीतले सगळ्यात ठणठणीत गृहस्थ झाले होते. मिक्सरचं प्रात्यक्षिक असो की पाणी गाळायच्या यंत्राचं, पुढच्या खुर्चीत अण्णा. घ्यायची वेळ आली की म्हणायचे, "घरात इचारून सांगतो." घरात त्यांनी कधी काही विचारल्याचं त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र आठवत नव्हतं.

फोनवरचे निरोप टिपून ठेवणारं यंत्रही फुकटच आलं. जावयानं दुबईहून आणलं. आपण बाहेर असलो की ते फोन घेतं आणि बोलणाऱ्याचा आवाज आतल्या छोट्या कॅसेटवर साठवतं. अण्णांनी त्यात आपला आवाज भरला: "मल्लाप्पा घरात न्हाय. काय असंल ते सांगा आन् ठेवा." हे यंत्र बोलत असताना मल्लाप्पा त्याच्या शेजारीच आरामखुर्चीत बसलेले असत. फोन वाजला की काकू उठू लागायच्या आणि अण्णा हात आडवा घालायचे. "बस खाली. यंत्र कशाला आणलंय?"

मला वाटे, म्हातारपणी लागलेलं हे नवं खूळ. एक दिवस ते यंत्र उचलून, वायरी लोंबकळत, अण्णा आमच्याकडे आले तेव्हा खरा प्रकार कळला.

"बाई, तुमच्या त्या कंप्युटरमधी आवाज ऱ्हातो काय?"

"राहतो की. कुणाचा ठेवायचाय?"

"तम्माचा," ते म्हणाले. "धाकटा भाऊ. मुरगूडला असतोय."

धाकटा भाऊ म्हणजे शिवाप्पा. दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कारण गल्लीला पाठ होतं. अण्णांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला व्यापारी पावणे बसले आणि सख्ख्या काकाला दुसऱ्या पंगतीसाठी थांबायला सांगितलं गेलं. शिवाप्पा मांडवातून जो आरडाओरडा करत उठला तो थेट मुरगूडला गेला. त्यानंतर ना सण, ना बारसं, ना मयत. कुठंच एकमेकांची तोंडं बघितली नाहीत.

मग अण्णा न्हाणीत घसरून पडले. ती बातमी मुरगूडपर्यंत गेली. शिवाप्पानं एसटीडी बूथवरून फोन लावला आणि त्याला भेटलं यंत्र. भाऊ मेला की जगला हे विचारायला आलेला माणूस भडकला आणि त्या यंत्रालाच शिव्या घालून फोन ठेवला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा शिव्या. मग ते चालूच राहिलं.

"तुम्ही उचलत का नाही मग?" मी विचारलं.

"उचललाता एकदा. नुसतं 'हॅलो' म्हणालो, तर ठेवूनच दिला. पुढं महिनाभर पत्ताच न्हाय." अण्णांनी आवाज खाली आणला. "माझ्याशी बोलत न्हाय त्यो. यंत्राशी बोलतोय. मग मी कशाला मधी पडू?" आणि जरा वेळानं, मूळ स्वभावावर येत, "बूथचं पैसं त्येचं जात्यात. ऐकायला मला फुकट."

अडचण अशी की ती कॅसेट भरत आली होती. नवी शिवी घ्यायची तर जुनी पुसायला हवी. तसली बारकी कॅसेट कोल्हापुरात कुठं मिळेना. एका ध्वनिमुद्रणवाल्यानं काम करून देतो म्हटलं, पण पैसे सांगितले. अण्णा तिथून उठून आले होते. "भाऊ माझा, शिव्या मला, आन् पैसं ह्येला?"

यंत्राला संगणकाची वायर जोडायचं भोकच नव्हतं. मग मी संगणकाचा माईक त्याच्या स्पीकरसमोर उशीवर ठेवला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. फुकटचा मार्ग तेवढा एकच होता. मे महिना होता. दोघं घामानं निथळत बसलो आणि मी बटण दाबलं.

"अण्णा, यंत्राच्या मागं लपलास व्हय रं?" शिवाप्पाचा आवाज खोलीभर झाला. "पहिल्या पंगतीला तुझं सावकार, आन् सख्खा भाऊ खरकटं उचलायची वाट बघत हुबा..."

"जागाच न्हवती!" अण्णा ओरडले.

मुद्रण वाया गेलं. मी पुन्हा सुरू केलं. या वेळी शिवाप्पा म्हणाला, "आय असती तर तुझ्या कानाखाली जाळ काढला असता," आणि अण्णा माईकजवळ वाकून शांतपणे म्हणाले, "काढला असता, खरं हाय." तेही वाया. तिसऱ्या वेळी त्यांनी आपण होऊन खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला.

आता शिव्या स्वच्छ उतरल्या. पण संगणकातल्या ध्वनिमुद्रणाच्या फुकटच्या सोयीत एका दमात एकच मिनिट आवाज मावायचा आणि शिवाप्पाचा दम मोठा होता. मिनिट संपलं, तरी कॅसेट पुढं चालूच. त्यात बोलणं नव्हतं. लांब कुठंतरी एसटीचा हॉर्न, बूथबाहेरची गर्दी, आणि जवळ एका माणसाचा श्वास. मग खट्.

"जमलं," मी म्हटलं. "शेवटचं तेवढं आलं नाही, पण त्यात काही नव्हतंच. नुसते गप्प आहेत ते."

अण्णांनी टॉवेल तोंडातून काढला. "मग शिव्या काढा."

"शिव्या काढू?"

"शिव्या मला पाठ हायत की. बोलून झालं तरी ठेवत न्हाय बघा त्यो. थांबतोय. तेवढं घ्या."

मी तेवढंच घेतलं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरून ते ऐकत राहिले, आणि संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनी एकदा."

पुढचं मला काकूंनी सांगितलं. नंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी फोन आला. यंत्रानं घेतला. पंगत झाली, सावकार झाले, आई झाली. मग शिवाप्पा गप्प झाला, आणि अण्णांनी हळूच रिसीव्हर उचलून कानाला लावला. बोलले काहीच नाहीत. पलीकडच्यालाही कळलं असावं, कारण रिसीव्हर उचलताच यंत्र बंद झाल्याचा आवाज झाला. तरी कुणी ठेवलं नाही.

शेवटी तिकडून विचारणा आली, "जेवलास काय?"

"न्हाय रं तम्मा, अजून न्हाय," अण्णा म्हणाले.

काकू त्यांचं उष्टं ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.