भगवंतराव सरांसाठी एक टाहो

"आज भगवंतराव सरांच्या डोळ्यांतून पाणी काढलं नाही, तर नावाची सुवर्णा नाही!" सकाळी स्टाफरूममध्ये सुवर्णा मॅडम बोलून बसल्या. धामणगाव बढ्याच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवत. आज प्राचार्य भगवंतराव मागच्या बाकावर बसून त्यांचा तास बघणार, शेरा लिहिणार आणि त्या शेऱ्यावर पुढच्या वर्षीची नोकरी ठरणार! विषय होता ग्रीक शोकांतिका. राजा मेलाय, नगरातल्या बायका शोक करतायत, आणि तो शोक पोरींनी अभिनय करून समजून घ्यायचा.

घंटा झाली तरी सर आले नव्हते. मोताळ्याला मीटिंगमध्ये अडकले म्हणे. मॅडमनी तोवर सराव सुरू केला, तर पोरी फिदीफिदी हसायला लागल्या.

"अगं, राजा गेलाय तुमचा! रडा!"

"मॅडम, ह्या राजाचं नावच तोंडात बसत नाही," छकुली म्हणाली. "रडाले आपल्यातलं नाव पायजे. माही आजी मयतीत नाव घेऊन, एकएक गुण सांगून रडते."

"मग घे कोणाचंही नाव! जरा दरारा असलेल्या माणसाचं!"

छकुलीनं डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटले आणि असा टाहो फोडला की खिडकीतली कबुतरं उडाली.

"अवो भगवंतराव सर वोऽऽ! आमाले सोडून काऊन गेले वोऽऽ! आता दांडी मारल्यावर रागावन कोन वोऽऽ!"

मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. "छकुली, नाव बदल!" पण चाळीस पोरींनी सूर धरला होता. आता ऐकतंय कोण!

बाजाराला निघालेल्या मनकर्णाबाईंनी रस्त्यावरून तो टाहो ऐकला. आमच्याकडे बायका आधी रडतात, मग विचारपूस करतात. थैली तिथंच टाकून, सोबतच्या चार बायकांना घेऊन त्या वर्गात शिरल्या आणि थेट मॅडमच्या गळ्यात पडल्या.

"माय वो! कालच तं रामराम घेतला होता त्यायनं माहा!"

"मावशी, हे नाटक आहे!"

"हाव माय, सारं नाटकच हाये. रड तू, मोकळी हो!"

तेवढ्यात शिपायानंही रडत रडत सुट्टीची घंटा दिली. ऑफिसातून सरांचा फोटो आला, त्याला हार चढला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आणि दारात कुणीतरी खाकरलं. साक्षात भगवंतराव!

"जित्ते हाये तं सांगाचं नाही काय?" मनकर्णाबाई भडकल्या. "आता मले फुकटची आंघोळ करा लागते!"

सर रुमालानं डोळे पुसत होते. बराच वेळ दाराआड उभे असावेत. "थांबल्या काऊन पोरीहो?" ते म्हणाले. "एवढ्यातच सरले काय माहे गुण?"

दुसऱ्या दिवशी शेरा आला. 'अध्यापन अत्यंत प्रभावी.' मॅडमच्या जिवात जीव आला. पण खाली लाल शाईत आणखी चार ओळी होत्या.

'विद्यार्थिनी, शिपाई व बाजारच्या महिला रडल्या. मॅडम मात्र रडताना दिसल्या नाहीत. लेखी खुलासा द्यावा. पुढील तासिकांचा विचार त्यानंतर.'

खुलासा लिहिताना मॅडम अगदी हमसून हमसून रडल्या हो! पण तेव्हा बघायला मागच्या बाकावर कुणी नव्हतं.