अर्जुनरावांच्या बिल्ल्याचं भोक

बहात्तरच्या दुष्काळात धारूरच्या चर्मकार सोसायटीत चिटपाखरू फिरकत नव्हतं. बैल छावणीत, माणसं खडी फोडायला. नव्या चपला घेणार कोण? अशात निवृत्त वैमानिक अर्जुनराव आपल्या कातडी जाकिटावरचा बिल्ला घेऊन आले. ब्रह्मदेशातल्या लढाईत त्यांच्या तुकडीची ती खूण: चामड्याचे तुकडे कापून शिवलेला, झेप घेणारा शिकरा पक्षी. त्याच्या पंखात एक भोक होतं. ते शत्रूच्या गोळीचं, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं.

"जुने सोबती भेटायला यायलेत. त्यांचे बिल्ले कवाच हरवले. हुबेहूब असेच करून द्या. भोक मात्र नको, ते माझं एकट्याचं."

सोबत्यांपैकी एकाचं पुण्यात चपलांचं मोठं दुकान होतं. अर्जुनराव खूश झाले आणि त्याच्याजवळ चार शब्द बोलले, तर सोसायटीला काम मिळून ती तगणार होती. चेअरमन उत्तरेश्वर उठता-बसता तेच सांगत.

सोसायटीतल्या जुन्या कारागीर साखराबाईंनी बिल्ले केले, सुरेख केले. पण मापाला आलेली जुनी चप्पल शिवून, तेल लावून परत द्यायची ही सोसायटीची रीत. त्या रीतीला धरून त्यांनी नमुनाही दुरुस्त केला. दोन्ही पंखांचं झिजलेलं चामडं बदललं आणि शिकऱ्याला पिवळाजर्द रंग दिला.

उत्तरेश्वरांनी बिल्ला उजेडात धरून बघितला.

"मावशे, काय केलं हे? गोळीचं भोक गेलं की."

"फाटकी वस्तू परत द्यायची व्हय? माज्या सासऱ्यानं बी कदी दिली न्हाई."

भोक पुन्हा पाडायचं ठरलं. जालिंदर कारागिरानं आरी उचलली.

"कोन्या पंखात होतं?"

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पंख कुणालाच आठवेना. शेवटी डाव्या पंखावर एकमत झालं. आरीचं भोक फारच नेटकं दिसायला लागलं, म्हणून जालिंदरनं पेटत्या बिडीनं कडा जाळल्या.

"गोळीचं असंच असतंय."

"तू कदी बघितलंय बे?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

तेवढ्यात अर्जुनराव आले. त्यांनी बिल्ला हातात घेतला. पिवळ्या शिकऱ्यावरून बोट फिरवताना त्यांचे डोळे भरून आले.

"पहिल्या दिवशी असाच दिसत होता. लई कोवळी पोरं होतो आम्ही. निम्मे तिकडंच राहिले."

उत्तरेश्वरांना राहवेना. "साहेब, चूक झाली. गोळीचं भोक आमच्याकडून बुजलं. हे नवं पाडलंय."

अर्जुनरावांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"उत्तरेश्वर, ते उंदरानं पाडलतं. हितंच, घरी, पेटीत. आता येणारे सगळे लढाईत माझ्यासंगं होते, त्यांना काय सांगू? साखराबाई, तेवढं बुजवून देता का?"

साखराबाईंनी उत्तरेश्वरांकडं नुसतं बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

दारापाशी अर्जुनराव थबकले.

"चपलांचं त्या दुकानदाराशी मी बोलतो. भोकाचं तुम्ही कुणाशी बोलू नका."